दगडी पायऱ्या आणि दोन तिकिटे

‘वस्तुसंग्रहालय’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? तलवारी, चिलखते, कुणा सरदाराची पगडी, कुणा राणीसाहेबांची हस्तिदंती फणी! शाळेच्या सहलीत ‘हात लावू नये’ ही पाटी वाचत आपण रांगेने पुढे सरकतो आणि बाहेर आल्यावर भेळ खातो. आपल्या स्वतःच्या घरातली एखादी वस्तू अशा काचेच्या पेटीत जाऊन बसेल, असे मात्र आपल्यापैकी फारसे कुणाच्या मनात येत नाही. माझ्या तर नाहीच आले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरातला सर्वांत जुना कागद कोणता, तर आजोबांचे मुंबईच्या गिरणीतले हजेरीचे कार्ड. त्यामागचे सारे तोंडी, आणि तेही आजीला आठवेल तेवढेच. आजी अजूनही अंगठा उठवते.

म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासात करारबद्ध मजुरांचे प्रकरण वाचताना मी मॉरिशसपाशी थबकले. या बेटाची राजधानी पोर्ट लुई. तिथे एक जागा अशी आहे की जिथे राजाची नव्हे, सेनापतीची नव्हे, तर बोचके घेऊन बोटीतून उतरलेल्या मजुरांची आठवण जतन केलेली आहे. त्या मजुरांत आपले मराठी लोकही होते. रत्नागिरी जिल्ह्याचे होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे.

मी मॉरिशसला गेलेली नाही, तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. पण पोर्ट लुईत एक दिवस मिळाला तर काय पाहावे, आणि जे पाहायचे त्याचा अर्थ काय, हे पुस्तके आणि नकाशा समोर ठेवून सांगता येते. चला तर, नकाशावर बोट ठेवून निघू.

आधी बेटाची थोडी ओळख. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मकरवृत्ताच्या जरा अलीकडे हे ज्वालामुखीतून जन्मलेले बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी! लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. या बेटाला मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच आले, पुढे सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक बनला. तेव्हा तिथला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेल्या माणसाचा वंशज आहे. कुणी स्वखुशीने आला, कुणाला साखळदंडात आणले, कुणी करारावर आला. तिथली सारी संग्रहालये शेवटी याच एका प्रश्नाभोवती फिरतात : कोण आले, कसे आले, आणि त्यांची नोंद कुणी ठेवली?

सकाळी पहिल्यांदा जायचे ते बंदराच्या काठी, आप्रवासी घाटावर. नाव ऐकून काशीचा घाट आठवेल, पण इथे कळस नाहीत की घंटा नाहीत. काळ्या बसाल्ट दगडाचे पडके आवार, काही खोल्यांच्या भिंती, स्वयंपाकघराच्या खुणा, रुग्णालयाची इमारत, आणि पूर्वी बोटीतून उतरल्यावर ज्यांवर पाय ठेवावा लागे त्या दगडी पायऱ्या. इतकेच. १८४९ पासून इथे सरकारी डेपो होता. पुढे रस्ते-बिस्ते काढताना त्यातला पुष्कळ भाग गेला. जुन्या डेपोचा निम्म्याहूनही कमी भाग आज उरला आहे. पूर्वी याला ‘कूली घाट’ म्हणत. १९८७ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक ठरले आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ताजमहाल ज्या यादीत आहे त्याच यादीत कूली घाट! मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

इथे हे सारे घडले कशामुळे? कारण साखर. फ्रेंच काळापासून ऊसमळ्यांवर गुलाम राबत होते. १८३३ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून गुलामगिरी संपवली. मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून २० लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. नुकसानभरपाई गुलामांना नव्हे बरे, मालकांना! मग ऊस तोडणार कोण? इंग्रजांनी ठरवले की ‘मुक्त’ मजूर करारावर आणून पाहावेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ माणसे आली. प्रयोग ‘यशस्वी’ झाला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून जहाजे निघू लागली. युनेस्कोच्या नोंदीनुसार १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. इथला प्रयोग पाहून मग गियाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी या ठिकाणीही तीच रीत सुरू झाली.

करार सामान्यतः पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना ५ रुपये, आणि शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा व थोडे कापड. ऐकायला बरे वाटते. पण एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी ‘दुहेरी कपात’ होती. आजारी पडलेला मजूर महिनाअखेर मालकालाच देणे लागू शकत असे! करार संपलेल्या माणसालाही मोकळे फिरता येत नसे. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसला की भटका म्हणून पोलीस पकडून नेत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळ्याच्या गोऱ्या व्यवस्थापकाने या मजुरांची बाजू घेऊन गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-निशाण्या होत्या. मळेवाल्यांनी त्याला बेटावरून हाकलून द्यावे म्हणून जंग जंग पछाडले. पण १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याने आपला अहवाल दिला. नऊ हजार चारशे एक! त्यांतल्या कित्येकांना, माझ्या आजीसारखेच, अक्षर ओळखीचे नसणार. तरी आपले नाव कागदावर जावे यासाठी ते पुढे झाले.

घाटाला लागून असलेल्या बीक्रमसिंग रामलल्ला माहिती केंद्रात हा सारा इतिहास मांडला आहे. तिथे घाई करू नये.

घाटापासून हाकेच्या अंतरावर फ्रेंच गव्हर्नर लाबूर्दोने याच्या काळातली जुनी लष्करी रुग्णालयाची इमारत आहे. तिच्यात आता गुलामगिरीचे संग्रहालय केले आहे. मॉरिशसमध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला होता. त्याने २०११ मध्ये अहवाल दिला आणि असे संग्रहालय व्हावे ही शिफारस त्यातलीच. घाटाला २००६ मध्ये जगाची मान्यता मिळाली आणि गुलामांच्या संग्रहालयाला त्यानंतर पंधराएक वर्षे थांबावे लागले, हा क्रम मला खटकतो. गुलामांच्याही याद्या होत्या, नाही असे नाही. पण त्या मालमत्तेच्या याद्या होत्या : अमक्याच्या मळ्यावर इतके बैल, इतके गुलाम. माणसाचे मूळ नाव गेलेले, मालकाने ठेवलेले नाव तेवढे उरलेले, आणि मोझांबिक किंवा मादागास्करमधले गाव कोणते याचा बहुधा पत्ताच नाही. हिंदुस्थानी मजुरांच्या वंशजाला पणजोबांचे गाव शोधता येते. गुलामांच्या वंशजाचा माग मध्येच तुटतो. एकाच बेटावर शेजारी राहणाऱ्या दोन माणसांत हा केवढा फरक!

दुपार झाली की पोटपूजा. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर ‘ढोल पुरी’ मिळते. ढोल म्हणजे वाजवायचा ढोल नव्हे, ती आपली डाळ! आत डाळीचे पुरण भरलेली मऊ, पातळ पोळी. पण गोड नव्हे, तिखटामिठाची. ती जोडीने देतात, आणि तिच्यात मोठ्या वालांची उसळ, टोमॅटोचे रसेदार कालवण आणि चटणी घालून कागदात गुंडाळतात. ही पोळी मूळची बिहारकडची. पण आज ती खाणारा चिनी असो, आफ्रिकी वंशाचा असो की मुसलमान असो, प्रत्येकाला ती आपलीच वाटते. हासुद्धा एक संग्रहच म्हणायचा, फक्त काचेच्या पेटीत नसलेला.

जेवण झाल्यावर कंपनी बागेशेजारचे निसर्गेतिहास संग्रहालय. लोक तिथे डोडो पाहायला जातात. हा उडता न येणारा गलेलठ्ठ पक्षी फक्त याच बेटावर होता. डचांच्या मागोमाग आलेली डुकरे, उंदीर, माकडे आणि माणसे यांच्यापुढे शंभर वर्षांच्या आतच त्याचा निर्वंश झाला. (जाता जाता एक गंमत : सतराव्या शतकात दोन डोडो आपल्या सुरतेला आणलेले होते, पीटर मुंडी या इंग्रज प्रवाशाने ते पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.) या संग्रहालयातल्या एका सांगाड्याचे महत्त्व असे की तो एकाच पक्ष्याच्या हाडांचा संपूर्ण सांगाडा आहे. जगात इतरत्र दिसतात ते बहुतेक अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून केलेले. आणि तो शोधला कुणी? एतिएन थिरिऊ नावाच्या पोर्ट लुईतल्या एका न्हाव्याने! विसाव्या शतकाच्या आरंभी दुकानातून वेळ काढून तो डोंगरातल्या गुहा-कपारी धुंडाळत असे. मोठमोठ्या विद्वानांना जे साधले नाही ते त्याने केले, आणि त्याचे नाव राहिले.

सगळ्यांचेच मात्र राहत नाही. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरला बेटाच्या आग्नेय भागातल्या ‘मार ओ सोंज’ नावाच्या दलदलीत डोडोची हाडे सापडली. सोंज म्हणजे अळू. तेव्हा आपल्या भाषेत ‘अळवाचे तळे’. क्लार्कने स्वतःच लिहून ठेवले आहे की पाणी सुमारे तीन फूट खोल होते, म्हणून त्याने काही कूली आत उतरवले, आणि त्यांनी उघड्या पायांनी चिखल चाचपून हाडे शोधून काढली. युरोपातल्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे उभे राहिले त्यांतले बरेचसे याच दलदलीतले. त्या काळी त्या बेटावर ‘कूली’ म्हणजे हिंदुस्थानी मजूर. तळपायांनी चिखलातले हाड ओळखणारी ती माणसे कोण होती? डोडोच्या पाटीवर क्लार्कचे नाव असते. पाय ज्यांचे, त्यांचे नसते.

मग तसेच बंदराकडे वळावे, कारण तिथल्या कोदाँ धक्क्यावर ‘ब्लू पेनी’ संग्रहालय आहे. एका बँकेने ते २००१ मध्ये उभारले आणि ते मुख्यतः दोन टपाल तिकिटांसाठी आहे! १८४७ साली मॉरिशसने आपली पहिली तिकिटे काढली. एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे. प्रत्येकी ५०० छापली होती. आज जगात दोन्ही मिळून २७ उरली आहेत. त्यांतली एक कोरी जोडी १९९३ मध्ये बँकेच्या पुढाकाराने सुमारे २० लाख डॉलर्स देऊन बेटावर परत आणली. उजेडाने रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर दर तासाला काही मिनिटेच दिवा लावतात. एरवी नकला पाहायच्या. नाव ‘ब्लू पेनी’ असले तरी पेनीचे तिकीट नारिंगी आणि निळे ते दोन पेन्सचे, हा घोटाळा आहेच!

या तिकिटांतली काही गव्हर्नरच्या पत्नीने नृत्यसमारंभाची आमंत्रणे पाठवायला वापरली, हे प्रसिद्ध आहे. मी आपला एक हिशेब मांडून पाहिला. मजुराचा पगार महिना ५ रुपये, म्हणजे त्या वेळच्या दराने १० शिलिंग, म्हणजे १२० पेन्स. महिन्याचे २६ दिवस काम धरले तर दिवसाला साडेचार पेन्सच्या आसपास. म्हणजे ते निळे तिकीट लावून पत्र पाठवायचे तर मजुराची जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी जाणार. २० लाख डॉलर्सच्या दोन चिटोऱ्यांना वाईट म्हणायचा माझा हेतू नाही. ती सुंदर आहेत आणि आपल्या देशाची वस्तू परत आणावी हे योग्यच. पण सकाळी त्या पायऱ्या पाहून दुपारी ही तिकिटे पाहावीत, उलट क्रमाने नको, असे मात्र मी सुचवीन. उत्तरेला बो प्लाँ येथे बंद पडलेल्या साखर कारखान्यात साखरेचे संग्रहालय केले आहे. तेही चांगले आहे म्हणतात, पण एका दिवसात ते बसत नाही. कारण खरे ठिकाण अजून राहिले आहे.

ते म्हणजे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूट. पोर्ट लुईच्या दक्षिणेला, बसने फार लांब नाही. भारत आणि मॉरिशस या दोन्ही सरकारांनी मिळून ही संस्था उभारली. १९७० मध्ये इंदिरा गांधींनी तिची कोनशिला बसवली आणि १९७६ मध्ये ती सुरू झाली. हिंदुस्थानी स्थलांतरितांचे एक संग्रहालय तिथे आहे. पण त्याहून मोलाचे तिथले दप्तर. डेपोतल्या कारकुनांनी लिहिलेल्या जाडजूड नोंदवह्या तिथे ठेवल्या आहेत. उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक. त्यापुढे जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा, जिल्हा, अंगावरची खूण. १८६० नंतरच्या दशकांतली छायाचित्रेही आहेत. पाटी धरल्यासारखे ताठ बसलेले, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे स्त्री-पुरुष.

या वह्या मजुरांवर माया म्हणून लिहिल्या नव्हत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. माणूस पळाला तर पकडता यावा, खोटे नाव सांगून दुसऱ्या मळ्यावर जाऊ नये, यासाठी उंची आणि अंगावरची खूण. पायातला दोरच तो! पण दोर वळणारे गेले, मळेवाले गेले, आणि त्याच वह्यांमध्ये आज पणतू-खापरपणतू आपले घर शोधतात. पूर्वजाचा क्रमांक ठाऊक असला की काम सोपे. नसला तर जहाज आणि साल यांवरून शोधायचे. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा, सांगणारा कोकणातला. त्यामुळे गावांची नावे अशी काही लिहिली गेली की ओळखायला आपल्याकडचा माणूस लागावा! आडनाव पुष्कळांनी सांगितलेच नाही, किंवा कुणी विचारलेच नाही. त्यामुळे पणजोबाचे नुसते नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव बनले. आज तिथे ‘जी’ने संपणारे आडनाव दिसले, उदाहरणार्थ बाबाजी, तर ते घर मराठी असण्याचा संभव मोठा. त्या घरात मात्र क्रिओल बोलतात. फ्रेंचच्या मुशीत घडलेली ती साऱ्या बेटाची बोली आहे. मराठी शाळेत शिकतात; आणि याच संस्थेत मराठी घेऊन बी. ए. सुद्धा होता येते. आपल्याच वयाची मुले, आपलाच विषय, आणि घरात बोलायला दुसरीच भाषा. आपण घरात बोलतो ती भाषा वर्गात बोलायला लाजतो. त्यांना ती वर्गातून घरी न्यावी लागते.

हे वाचल्यावर मी आजीकडून तिच्या सासऱ्यांचे, त्यांच्या वडिलांचे, आणि तिच्या माहेरच्या तीन पिढ्यांचे नाव विचारून वहीत लिहून घेतले. ‘कशाला गो?’ म्हणाली. मी म्हटले, ‘वहीत असू दे.’ आजी सांगत गेली, मी लिहीत गेले. सासूच्या आईचे नाव मात्र तिला आठवेना.

संध्याकाळ उरते ती गाण्याबजावण्यासाठी. गुलामांच्या वस्त्यांतून आलेले सेगा नृत्य हे बेटाचे खरे राष्ट्रीय नृत्य. बकऱ्याचे कातडे ताणलेले ‘रावान’ हे वाद्य वाजवण्यापूर्वी जाळावर शेकून घेतात, अगदी आपल्याकडे डफ शेकतात तसेच. सेगा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले, आणि २०१६ मध्ये भोजपुरी बायकांची लग्नातली ‘गीत गवाई’ही. आणि दिवस गणेश चतुर्थीचा असेल तर मग पाहायलाच नको. तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. गणपतीत तिथले मराठी लोक ‘झाकरी’ नाचतात. आमच्याकडे गौरी-गणपतीत एका पायात चाळ बांधून, मध्ये ढोलकीवाला आणि गाणारा बसवून, गोल धरून जी जाखडी नाचतात, तीच ही! जहाजात चढताना कारकुनाने उंची लिहिली, खूण लिहिली, जात लिहिली. जाखडीसाठी त्याच्या वहीत रकाना नव्हता. ती तशीच उतरली आणि बापाकडून मुलाकडे, पायांवरूनच पुढे गेली.